पहिल्या नोकरीचा पगार : पत्रातला आकडा आणि हातात पडणारी रक्कम

अभियांत्रिकीचे शेवटचे वर्ष सुरू झाले की फर्मागुढी, वेर्णा, फातोर्डा, आसगाव येथील महाविद्यालयांच्या आवारात ‘पॅकेज’ हा शब्द दिवसातून कितीतरी वेळा कानांवर पडतो. कोणाला साडेतीन लाख मिळाले, कोणाला सहा, कोण अजून थांबून आहे, याची चर्चा वर्गातून घरात आणि घरातून शेजारी पोहोचते. या आकड्याबद्दल जितका अभिमान बाळगला जातो, तितकीच त्याची उकल करण्याबाबत अनास्था असते. पॅकेज म्हणजे पगार नव्हे. त्या उमेदवारावर कंपनीला वर्षभरात येणारा एकूण खर्च म्हणजे पॅकेज. कंपन्यांच्या भाषेत ‘सीटीसी’. त्यातील काही रक्कम दरमहा बँकेत जमा होते, काही वर्षाअखेरीस कामगिरी पाहून मिळते, काही भविष्यनिर्वाह निधीत जाते आणि काही उमेदवाराला कधी दिसतही नाही. यांपैकी कशावर बोलणी करता येतात आणि कशावर येत नाहीत, हे ठाऊक नसल्यामुळे बहुतेक नवे अभियंते आलेल्या पत्रावर मुकाट्याने सही करतात; थोडे नको तिथे हट्ट धरतात.

आकड्याची फोड

वर्षाला ३ लाख ६० हजार रुपयांचे पत्र हाती आले, असे धरू. बाराने भागल्यास महिना ३०,००० रुपये होतात आणि घरात हाच आकडा सांगितला जातो. आता त्याची फोड करू. मूळ वेतन १५,००० रुपये आहे. त्यावर १२ टक्के दराने कंपनीने भरायचा भविष्यनिर्वाह निधीचा हिस्सा १,८०० रुपये होतो आणि तो पॅकेजमध्येच धरलेला असतो. ग्रॅच्युइटीसाठी मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, म्हणजे सुमारे ७२१ रुपये बाजूला दाखवले जातात. सामूहिक आरोग्य विम्याचा हप्ता महिना ५०० रुपये धरला आणि पॅकेजचा दहा टक्के भाग ‘व्हेरिएबल पे’ म्हणून ठेवला असेल, तर आणखी ३,००० रुपये मासिक पगारातून वजा होतात. उरले २३,९७९ रुपये. त्यातून कर्मचाऱ्याचा स्वतःचा निधीचा हिस्सा, पुन्हा १,८०० रुपये, कापला जातो. हातात पडतात २२,१७९ रुपये. नोकरी पुण्यात असेल तर महाराष्ट्राचा व्यवसाय कर, महिना २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, वेगळा. महिला कर्मचाऱ्यांना तेथे २५,००० रुपयांपर्यंतच्या मासिक पगारावर हा कर नाही. कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआयची कपात या उदाहरणात धरलेली नाही. महिना २१,००० रुपयांच्या वेतनमर्यादेत येणाऱ्यांसाठी कर्मचाऱ्याकडून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के असा तिचा दर आहे.

तीस हजार आणि बावीस हजार यांतील हे अंतर कुणाच्या लबाडीमुळे पडलेले नाही. निधीत जाणारे ३,६०० रुपये उमेदवाराचेच आहेत. कंपनीच्या हिश्शातील ८.३३ टक्के निवृत्तिवेतन योजनेत आणि उरलेले ३.६७ टक्के निधीत जमा होतात. स्वतःचा हिस्सा पूर्णपणे निधीत राहतो. ग्रॅच्युइटीची गोष्ट मात्र निराळी. नियमित कर्मचाऱ्याला ती साधारणपणे पाच वर्षे सलग नोकरी झाल्यावरच मिळते. दोन-तीन वर्षांत नोकरी बदलण्याचा विचार असलेल्या तरुणाच्या दृष्टीने पॅकेजमधला तो भाग कागदावरच राहतो. अशा वेळी पत्रातील आकड्यातून ग्रॅच्युइटी मनातल्या मनात वजा करूनच दोन कंपन्यांची तुलना करावी.

‘व्हेरिएबल’ या शब्दाकडे सर्वांत बारकाईने पाहायला हवे. ही रक्कम मिळेल की नाही, हे तीन गोष्टींवर ठरू शकते: उमेदवाराची कामगिरी, त्याच्या विभागाची कामगिरी आणि कंपनीचा त्या वर्षीचा नफा. पहिली त्याच्या हातात आहे, उरलेल्या दोन नाहीत. म्हणून मुलाखतीनंतर विचारण्याजोगा एक प्रश्न असा: गेल्या दोन वर्षांत नव्या अभियंत्यांना या रकमेपैकी किती टक्के प्रत्यक्ष मिळाले? याचे सरळ उत्तर देणारी कंपनी आणि विषय बदलणारी कंपनी यांतला फरक तिथेच कळतो.

केंद्राच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. त्यांतील वेतनाच्या व्याख्येनुसार घरभाडे, प्रवास वगैरे भत्त्यांचा एकूण वाटा निम्म्याहून अधिक झाल्यास वरचा भाग वेतनातच धरला जातो. पूर्वी मूळ वेतन तीस-पस्तीस टक्क्यांवर ठेवून भत्ते फुगवण्याची पद्धत होती. तिच्यामुळे हातात थोडे अधिक पडत असे आणि निधी व ग्रॅच्युइटी कमी होत असे. आता उलट होण्याचा संभव आहे. एखाद्या वर्षी आधी रुजू झालेल्या मित्राचे पत्र समोर ठेवून तुलना करणाऱ्याने हा बदल ध्यानात घ्यावा.

प्राप्तिकराची चिंता मात्र करू नये. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही आणि पगारदारांना ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. पहिल्या नोकरीतील फार थोड्यांनाच या मर्यादेपलीकडचा पगार असतो.

तेच पत्र, दोन घरे

एकाच कंपनीचे, एकाच आकड्याचे पत्र दोघांच्या हाती निरनिराळा अर्थ घेऊन येते. समजा, वेर्ण्याच्या एका कारखान्यात दोन अभियंते एकाच दिवशी रुजू झाले. एक फोंड्याचा, आईवडिलांच्या घरातून दुचाकीने येणारा. दुसरा मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्याच्या धूलकोटसारख्या गावातला. हा जिल्हा महाराष्ट्राच्या जळगाव, बुलढाणा, अमरावती जिल्ह्यांना लागून असल्याने तिकडे घरी मराठी बोलणारी कुटुंबे बरीच आहेत, आणि शिकलेल्या मुलाला नोकरीसाठी गाव सोडणे भागच असते. दोघांच्याही खात्यात २२,००० रुपये जमा झाले. फोंड्याच्या मुलाचे पेट्रोल आणि मोबाइल यांवर भागते. धूलकोटच्या मुलाला खोलीचे भाडे, खानावळ आणि वर्षातून दोनदा गावी जाण्याचा खर्च आहे; शिवाय शिक्षणासाठी कर्ज काढले असेल तर त्याचा हप्ताही. त्याच्या दहा-बारा हजारांना पहिल्या आठवड्यातच पाय फुटतात.

वरवर पाहता फोंड्याचा मुलगा सुखी. पण बोलणीच्या दृष्टीने पाहिले तर त्याचीच बाजू लंगडी आहे. घरी राहणाऱ्याला कमी पगार परवडतो, हे गोव्यातील लहान कारखानदार चांगले जाणून असतात आणि पगार ठरवताना ते गृहीत धरतात. ‘घराजवळ आहे ना’ हे वाक्य मुलाखतीत ऐकलेले नाही असा गोमंतकीय अभियंता विरळाच. घराजवळची नोकरी ही खरोखरच एक किंमत असलेली सोय आहे, पण ती सोय त्याच्या आईवडिलांनी पुरवलेली आहे, कंपनीने नव्हे. धूलकोटच्या मुलाला हा मोह नसतो. खर्च भागणार नाही इतका पगार तो घेऊच शकत नाही, आणि म्हणून तो आकडा विचारतो.

पंधरा वर्षे जागच्या जागी

देशातील मोठ्या आयटी कंपन्यांनी सरसकट भरतीतील नव्या अभियंत्यांना २०१० च्या सुमारास वर्षाला तीन ते सव्वातीन लाख रुपये देऊ केले होते. आज टीसीएसच्या ‘निंजा’ या प्राथमिक श्रेणीचे पॅकेज ३ लाख ३६ हजारांच्या आसपास आहे आणि इन्फोसिसच्या प्राथमिक श्रेणीचे ३ लाख ६० हजार. मधल्या काळात देशातील किरकोळ किमती दुपटीहून अधिक वाढल्या. म्हणजे २०१० च्या अभियंत्याची क्रयशक्ती आजच्या अभियंत्याला हवी असेल, तर त्याचे पॅकेज साडेसहा लाखांच्या पुढे असायला हवे होते. इन्फोसिसचे माजी वित्तप्रमुख टी. व्ही. मोहनदास पै यांनी या साचलेपणावर वेळोवेळी जाहीर टीका केली आहे. वरिष्ठांचे मानधन वाढत गेले आणि नवागतांचे थांबले, हा त्यांचा आक्षेप.

असे होण्याची कारणे गूढ नाहीत. अभियांत्रिकीचे पदवीधर दरवर्षी लाखोंच्या संख्येने बाहेर पडतात. कंपन्यांना पहिले काही महिने त्यांना शिकवावे लागते. आणि उमेदवाराला पहिल्या पगारापेक्षा ‘अनुभव’ या शब्दाची अधिक गरज असते. मागणी करणारा एक आणि रांगेत उभे शंभर, अशा बाजारात भाव वाढत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कॉग्निझंटच्या २ लाख ५२ हजारांच्या जाहिरातीवरून समाजमाध्यमांत गदारोळ झाला, तेव्हा ते पद तीन वर्षांच्या बिगर-अभियांत्रिकी पदवीधरांसाठी असून अभियंत्यांना चार लाखांपासून पुढे दिले जाते, असा खुलासा कंपनीने केला. त्या खुलाशानेही फार कोणाचे समाधान झाले नाही.

गोव्याची परिस्थिती याहून थोडी वेगळी आहे. १९६७ मध्ये गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले तेव्हा पदवीधरांना खाणी, गोदी आणि सरकारी बांधकाम खाती असे तीन मोठे आसरे होते. खाणींचा आसरा सप्टेंबर २०१२ मधील बंदीने हलला आणि फेब्रुवारी २०१८ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा कोसळला. गोवा शिपयार्ड आहे, उसगावचा एमआरएफचा कारखाना आहे, वेर्ण्यात सीमेन्स आणि औषध कंपन्या आहेत, पिळर्णला किनेको आहे; पण या सर्वांची दरवर्षीची गरज पदवीधरांच्या संख्येच्या मानाने तोकडी. सरकारी नोकरीकडे असलेल्या ओढ्याची थट्टा करण्याची पद्धत आहे, परंतु आकडे पाहिल्यास ती ओढ अगदी समजण्यासारखी वाटते. केंद्र सरकारच्या कनिष्ठ अभियंत्याचे सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतनच महिना ३५,४०० रुपये आहे आणि महागाई भत्ता, घरभाडे त्यावर. खासगी कंपनीतील तीस हजारांचे ‘पॅकेज’ आणि हे ३५,४०० यांची तुलना होऊच शकत नाही.

सरासरीचा भुलभुलैया

महाविद्यालये प्रवेशाच्या हंगामात ‘सरासरी पॅकेज’ जाहीर करतात. चाळीस विद्यार्थ्यांपैकी छत्तीस जणांना ३.६ लाख, तिघांना ६ लाख आणि एकाला ४० लाख मिळाले, तर सरासरी ४ लाख ६९ हजार निघते. पण ओळीत मधोमध उभ्या असलेल्या विद्यार्थ्याचा पगार ३.६ लाखच आहे. या मधल्या आकड्याला मध्यक म्हणतात आणि स्वतःच्या भवितव्याचा अंदाज बांधण्यासाठी तोच कामाचा. केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना नोकरी मिळालेल्या पदवीधरांचा मध्यक पगार आणि त्यांची संख्या सादर करावी लागते आणि ही माहिती संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. ती वाचणारे पालक फार थोडे. सांकवाळचे बिट्स पिलानी, कुंकळ्ळीचे एनआयटी, फर्मागुढीचे आयआयटी आणि राज्यातील इतर महाविद्यालये यांचे आकडे एकाच ओळीत ठेवून ‘गोव्यात अभियंत्यांना किती मिळते’ असा निष्कर्ष काढणे हेही तितकेच फसवे. या संस्थांत येणाऱ्या कंपन्याच वेगळ्या असतात.

बोलणी कुठे होतात

मोठ्या आयटी कंपन्यांच्या महाविद्यालयीन भरतीत पगारावर घासाघीस होत नाही. एका हंगामात हजारो जणांना एकसारखे पत्र जाते आणि समोर बसलेल्या अधिकाऱ्याला त्यातला एक रुपयाही बदलण्याचा अधिकार नसतो. परंतु याचा अर्थ तिथे बोलणी नसतात, असा नाही. ती परीक्षेच्या वेळीच होऊन गेलेली असतात. टीसीएसच्या प्रवेशचाचणीत ‘निंजा’च्या वर ‘डिजिटल’ आणि ‘प्राइम’ अशा श्रेणी आहेत; ‘डिजिटल’ला सात लाखांच्या आसपास आणि ‘प्राइम’ला नऊ लाखांच्या पुढे दिले जाते. इन्फोसिसमध्येही ‘डिजिटल स्पेशालिस्ट इंजिनिअर’ आणि ‘स्पेशालिस्ट प्रोग्रामर’ यांची पॅकेजेस प्राथमिक श्रेणीच्या दीडपट-दुपटीहून अधिक आहेत. एकाच कंपनीत, एकाच महाविद्यालयातून, एकाच दिवशी निवडल्या गेलेल्या दोघांच्या पगारात एवढे अंतर पडते ते केवळ प्रोग्रामिंगच्या त्या दोन-तीन प्रश्नांमुळे. मुलाखतीनंतर पाच टक्के वाढवून मागण्याची कला शिकण्यापेक्षा तिसऱ्या वर्षी या चाचणीची तयारी करणे अधिक फायद्याचे ठरते.

दुसरी गोष्ट सहसा बोलली जात नाही. अनेक महाविद्यालयांत ‘एक विद्यार्थी, एक नोकरी’ असा नियम असतो. एका कंपनीत निवड झाली की विद्यार्थी पुढच्या मुलाखतींना बसू शकत नाही. फार तर ठरावीक रकमेच्या वर पगार देणाऱ्या कंपन्यांसाठी अपवाद असतो. जास्तीत जास्त मुलांना नोकरी मिळावी, हा हेतू चांगला आहे. पण बोलणीत वजन येते ते दुसऱ्या पर्यायामुळे, आणि हा नियम नेमका दुसरा पर्यायच काढून घेतो. ऑगस्टमध्ये आलेल्या पहिल्याच कंपनीला हो म्हणणारा विद्यार्थी नोव्हेंबरमधील बऱ्या कंपनीला मुकतो. म्हणून आपल्या महाविद्यालयाचा नियम काय आहे, अपवादाची रक्कम किती आहे आणि गेल्या वर्षी कोणती कंपनी कोणत्या महिन्यात आली होती, हे प्लेसमेंट अधिकाऱ्याकडून सत्र सुरू होण्यापूर्वीच विचारून घ्यावे. कोणत्या कंपनीच्या परीक्षेला बसायचे नाही, हे ठरवणे हीदेखील बोलणीच आहे.

खरी घासाघीस होते ती मध्यम आणि लहान कंपन्यांत. पर्वरी-पणजीतील पंचवीस जणांची सॉफ्टवेअर कंपनी, कुंडईचा एखादा यंत्रभाग बनवणारा कारखाना, मडगावचा बांधकाम सल्लागार यांच्याकडे छापील श्रेणी नसतात. मालक समोर बसलेला असतो, उमेदवाराने किती मागितले यावर आकडा हलतो, आणि ‘अपेक्षा काय?’ या प्रश्नाला ‘तुम्ही द्याल ते’ असे उत्तर मिळाले की तो कमीत कमी बिंदूवर स्थिरावतो. विनय म्हणून दिलेले हे उत्तर उमेदवाराला वर्षभर महाग पडते. त्याच पदासाठी इतरत्र मिळणाऱ्या रकमेची चौकशी करून, वरच्या वर्गांतील चार-पाच मित्रांना हातात पडणारा पगार विचारून, एक पट्टा सांगावा: ‘पंचवीस ते अठ्ठावीस हजार हातात यावेत, अशी अपेक्षा आहे.’ पट्ट्याचा खालचा आकडा आपल्याला खरोखर चालेल असाच असावा, कारण समोरचा तोच उचलतो. आणि ‘हातात’ हा शब्द गाळू नये.

वेळही महत्त्वाची. पहिल्या मुलाखतीत पगाराचा विषय उमेदवाराने काढू नये. निवड झाल्याचे कळल्यानंतर आणि सही करण्यापूर्वी, हा मधला आठवडा त्याचा असतो. कंपनीने त्याला निवडण्यावर वेळ खर्च केलेला असतो आणि पुन्हा नव्याने शोध घेण्याची तिची इच्छा नसते. पत्रव्यवहार बहुधा इंग्रजीतच होतो, परंतु फोनवर बोलण्याची वेळ आली तर सूर असा ठेवावा: ‘मॅडम, निवडीबद्दल आभारी आहे. पत्र वाचले, काम आवडीचे आहे. दोन गोष्टींविषयी विचारायचे होते. व्हेरिएबलचा भाग पहिल्या वर्षापुरता निश्चित पगारात घेता येईल का? आणि सहा महिन्यांनंतर कायम केल्यावर वाढ किती, हे पत्रात लिहून मिळेल का?’ यात आर्जव नाही आणि धमकीही नाही. एवढे विचारल्याने समजूतदार कंपनी दिलेली नोकरी परत घेत नाही. उत्तर नकाराचे आले, तरी उमेदवाराचे काही जात नाही.

नसलेल्या दुसऱ्या नोकरीचे नाव मात्र सांगू नये. मनुष्यबळ खात्यातील माणसे एकमेकांना ओळखतात, विशेषतः गोव्यात.

पगाराव्यतिरिक्त काय मागता येते

आकडा हलत नसेल तेथेही इतर बाबी हलतात. रुजू होण्याची तारीख, कामाचे ठिकाण, रात्रपाळीचा भत्ता, पहिल्या पंधरवड्याची राहण्याची सोय, पणजीहून बेंगळुरूला सामान नेण्याचा खर्च, परिवीक्षेचा कालावधी यांवर मोठ्या कंपन्याही कधी कधी विचार करतात. यांत परिवीक्षेनंतरच्या वाढीला पहिला क्रम द्यावा. कारखान्यांत नव्या अभियंत्याला ‘ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी’ म्हणून एक वर्ष घेतले जाते आणि नंतर कायम केले जाते. वर्षभराने पगार किती होईल, हे तोंडी आश्वासनावर सोडल्यास तेव्हा आश्वासन देणारा व्यवस्थापक बदललेला असतो.

‘ट्रेनी’ आणि ‘ॲप्रेंटिस’ हे शब्द एकसारखे वाटत असले तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांत मोठे अंतर आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली घेतलेला पदवीधर हा कर्मचारी नसतो; त्याला पगार नव्हे, तर विद्यावेतन मिळते आणि मुदत संपल्यावर नोकरीत घेण्याचे बंधन कंपनीवर सर्वसाधारणपणे नसते. पदवीधरांसाठी किमान विद्यावेतन २०१९ पासून महिना ९,००० रुपये आहे; ते १२,३०० रुपये करावे अशी शिफारस केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने २०२५ मध्ये केली. नामांकित कारखान्यातील असे एक वर्ष पुढच्या मुलाखतीत उपयोगी पडते, यात शंका नाही. फक्त ते नोकरी समजून पत्करू नये. पत्रात ‘स्टायपेंड’ लिहिले आहे की ‘सॅलरी’, एवढे पाहिले तरी उलगडा होतो.

भविष्यनिर्वाह निधीतून बाहेर राहिल्यास हातात अधिक पडेल, असा पर्याय काही लहान कंपन्या पुढे करतात. वेतन १५,००० रुपयांच्या मर्यादेपेक्षा जास्त असलेल्या, पूर्वी कधी निधीचा सभासद नसलेल्या व्यक्तीस तसे बाहेर राहता येते. पण पंतप्रधान विकसित भारत रोजगार योजनेखाली १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात प्रथमच नोकरीला लागलेल्या आणि निधी संघटनेत नोंद झालेल्या, महिना एक लाखापर्यंत पगाराच्या कर्मचाऱ्यास एका महिन्याच्या वेतनाइतकी, कमाल १५,००० रुपयांची रक्कम दोन हप्त्यांत मिळते. पहिला हप्ता सहा महिन्यांनी, दुसरा बारा महिन्यांनी व आर्थिक साक्षरतेचा कार्यक्रम पूर्ण केल्यावर. निधी नाकारणारा या रकमेसही मुकतो.

सहीपूर्वी

हेतुपत्र, देकारपत्र आणि नियुक्तिपत्र या तीन वेगळ्या वस्तू आहेत. हेतुपत्रात कंपनीची इच्छा असते, बांधिलकी नसते. २०२२ मध्ये निवड झालेल्या सुमारे दोन हजार अभियंत्यांना इन्फोसिसमध्ये रुजू होण्यासाठी दोन वर्षांहून अधिक काळ थांबावे लागल्याची तक्रार ‘नाइट्स’ या पुण्यातील आयटी कर्मचारी संघटनेने २०२४ मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे केली होती. त्याआधी फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने साडेसहा लाखांचा देकार दिलेल्या नवागतांना साडेतीन लाखांवर रुजू होण्याचा पर्याय पुढे केला. बाजार मंदावला की देकाराचे काय होते, याची ही उदाहरणे. देकार हाती असूनही रुजू होईपर्यंत इतरत्र अर्ज करत राहणे हा विश्वासघात नव्हे. नव्या संहितेने सर्व कामगारांना नियुक्तिपत्र देणे बंधनकारक केले आहे; पगाराची पूर्ण फोड, पद, ठिकाण आणि नोटिशीची मुदत त्यात असल्याखेरीज रुजू होऊ नये.

बाँडबद्दल दोन टोकांचे गैरसमज आहेत. एक, बाँड कायद्याने टिकतच नाही. दुसरा, बाँड मोडला की फौजदारी होते. दोन्ही चुकीचे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार कोणाला व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल ठरतो, म्हणून नोकरी सोडल्यानंतर ‘अमुक कंपनीत जाऊ नये’ ही अट सहसा टिकत नाही. मात्र ठरावीक काळ नोकरी करीन, अन्यथा ठरावीक रक्कम भरीन, हा करार वेगळा. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांची किमान सेवा आणि ती न केल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. सार्वजनिक बँकेला नव्याने भरती करण्यासाठी करावा लागणारा खर्च आणि ती रक्कम यांचा मेळ न्यायालयाने पाहिला. कलम ७४ नुसार भरपाई वाजवी असावी लागते. म्हणून तीन महिन्यांचे किरकोळ प्रशिक्षण देऊन पाच लाखांचा बाँड लिहून घेणाऱ्या कंपनीला न्यायालयात ती रक्कम पूर्ण मिळेलच असे नाही. पण न्यायालयात जाण्याचा वेळ आणि पैसा एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी कोणाकडे असतो? बाँडची रक्कम आणि मुदत यांवर सहीपूर्वीच बोलावे. पगार वाढवायला नकार देणारे मालक बाँडची मुदत दोन वर्षांवरून एका वर्षावर आणायला अनेकदा तयार होतात, कारण त्यासाठी त्यांना आज काहीच मोजावे लागत नाही.

मूळ गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र पडताळणीसाठी दाखवावे, ठेवून देऊ नये. ‘प्रशिक्षणासाठी अनामत’ म्हणून उमेदवाराकडून पैसे मागणाऱ्याशी तर बोलणीच करू नयेत. नोटिशीची मुदत दोन्ही बाजूंना सारखी आहे का, हे पाहावे. कर्मचाऱ्याने नव्वद दिवस आणि कंपनीने तीस, अशी विषम अट आजही आढळते, आणि नव्वद दिवस थांबायला पुढची कंपनी तयार नसते. रुजू होताना दिला जाणारा बोनस एका वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास परत करावा लागतो, ही ओळ बहुधा पत्राच्या शेवटच्या पानावर असते. नोकरी सोडल्यावर किंवा काढून टाकल्यावर देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावे, अशी तरतूद वेतन संहितेत आहे. पूर्वी हिशेब पूर्ण व्हायला महिना-दीड महिना लागे आणि त्या काळात अनुभवपत्रही अडकून पडे.